शब्द नित्य, यंत्र अनित्य

वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा एखादा उंची सीडी प्लेअर आजच्या नव्या प्लेअरपुढे टिकतो का, हा प्रश्न गाणे ऐकणाऱ्यांच्या बैठकीत निघाला की दोन तट पडायला वेळ लागत नाही. एका बाजूचे म्हणणे असते, की तेव्हाची घडण आता राहिलेली नाही. जाड ॲल्युमिनियमची पेटी, वीस-पंचवीस किलोंचे वजन, लेझर धरून ठेवणारा ओतीव धातूचा सांगाडा, हे सगळे गेले. दुसरी बाजू सांगते, की तेव्हा पेटीभर भागांना जे जमत नव्हते ते आज नखाएवढी चिप लीलया करते. दोघांचेही खरे आहे आणि तरी वाद मिटत नाही. कारण प्लेअर नेमके करतो काय, याचे एक उत्तर प्रत्येकाने मनाशी आधीच धरलेले असते आणि ते उत्तर कोणी मांडून दाखवत नाही.

ते मांडायचे झाले तर मदत एका अनपेक्षित ठिकाणाहून मिळते. शब्द उत्पन्न होतो की प्रकट होतो, या प्रश्नावर मीमांसक आणि नैयायिक शतकानुशतके भांडले. जैमिनींच्या मीमांसासूत्रांत पहिल्याच पादात हा विषय येतो. मीमांसकांच्या मते शब्द नित्य आहे. उच्चाराने तो जन्माला येत नाही, उच्चार त्याला फक्त प्रकट करतो. अंधारातला घडा दिवा आणल्यावर दिसू लागतो, म्हणून दिव्याने घडा घडवला असे कोणी म्हणत नाही. गौतमांची न्यायसूत्रे याच्या नेमकी उलट बाजू घेतात. शब्द प्रयत्न केल्यावर ऐकू येतो, क्षणात नाहीसा होतो, कधी तीव्र तर कधी मंद असतो. नित्य वस्तूची ही लक्षणे नव्हेत. एका लाटेतून पुढची लाट उठावी तसा एका शब्दातून पुढचा शब्द जन्मत जातो आणि अखेर कानाशी पोहोचतो, असे नैयायिकांनी सांगितले.

या वादातले एक पाऊल फार देखणे आहे. पूर्वपक्ष विचारतो, पुष्कळ जण एकदम बोलले की आवाज मोठा होतो, मग नित्य शब्द वाढला कसा? जैमिनींचे उत्तर असे, की वाढतो तो नाद, शब्द नव्हे. प्रकट करणारे साधन लहान-मोठे होते, प्रकट होणारी गोष्ट आहे तेवढीच राहते. मीमांसकांना हा सारा खटाटोप वेदवाक्यांच्या नित्यत्वासाठी करावा लागला, ख्याल किंवा सिंफनीसाठी नव्हे, हे विसरून चालणार नाही. पण त्यांनी पाडलेला भेद इतका नेमका आहे, की दीड-दोन हजार वर्षांनंतर घराघरात आलेल्या एका यंत्रालाही तो लागू पडतो. प्लेअर हा प्रकट करणारा आहे की उत्पन्न करणारा? या प्रश्नाला बगल देऊन जुन्या-नव्याची तुलना केली तर ती भरकटणारच.

सीडीपुरते उत्तर शोधायचे तर आधी तबकडीजवळ जावे लागते. बारा सेंटिमीटर व्यासाच्या या तबकडीवर खळग्यांची एकच लांबलचक सर्पिल रेघ आहे, सुमारे पाच किलोमीटरची. शेजारच्या दोन वळशांमधले अंतर १.६ मायक्रोमीटर. ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेझर खालून तिच्यावर पडतो, आणि लेन्स दोन चिमुकल्या वेटोळ्यांच्या ओढीवर तरंगत, तबकडी वर-खाली डुलली तरी अचूक अंतर सांभाळत, त्या रेघेचा माग काढते. आतल्या कडेशी तबकडी मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि बाहेरच्या कडेला जाईतो २०० वर येते, कारण वाचण्याचा वेग सगळीकडे सारखा राहावा लागतो. खळगे म्हणजे काही आवाज नव्हे. ते आकडे आहेत. दर सेकंदाला, दर वाहिनीला ४४,१०० आकडे, प्रत्येक आकडा १६ बिटांचा. शिवाय हे आकडे सलग लिहिलेले नसतात. ते विखरून, जादा तपासणी-चिन्हांसह लिहिलेले असतात. त्यामुळे मागाच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटरचा भाग पार पुसला गेला तरी हरवलेले आकडे गणिताने परत मिळतात. अंदाजाने भरून काढलेले नव्हे, मूळचेच.

इथे मीमांसकाची बाजू भक्कम आहे. तबकडी बरी असेल आणि यंत्र धडधाकट असेल, तर १९८५ चे यंत्र आणि यंदाचे यंत्र तीच आकड्यांची ओळ बाहेर काढतात. ती संगणकावर बिटागणिक ताडून पाहता येते आणि तंतोतंत जुळते. महागडा ड्राइव्ह तबकडीतून ‘जास्त काही’ काढतो ही समजूत म्हणूनच टिकत नाही. घडा तेवढाच आहे.

नैयायिक उठतो तो पुढच्या पायरीवर. आकडे ऐकू येत नाहीत. त्यांचा विद्युतदाब करावा लागतो, आणि तिथे खरोखरच काहीतरी उत्पन्न होते.

१ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये सोनीचा सीडीपी-१०१ विक्रीला आला. किंमत १ लाख ६८ हजार येन. बाजारात आलेला जगातला हा पहिला सीडी प्लेअर. त्यात आकड्यांचा दाब करणारा परिवर्तक एकच होता आणि तो आळीपाळीने डाव्या-उजव्या वाहिनीला पुरे पडत असे. परिणामी एक वाहिनी दुसरीच्या मागे सुमारे ११ मायक्रोसेकंद राही. ऐकायला हा मोठा दोष वाटतो, पण तेवढ्या वेळात हवेतला आवाज चार मिलिमीटरही पुढे जात नाही. श्रोत्याने मान किंचित कलती केली तरी याहून जास्त फरक पडतो. सोनीच्या यंत्राची खरी अडचण वेगळी होती. नको असलेल्या उंच कंप्रता तोडण्यासाठी त्याला एकदम उभ्या कड्यासारखा ॲनालॉग फिल्टर वापरावा लागला, आणि असा फिल्टर ऐकू येणाऱ्या वरच्या पट्टीतही कालक्रम थोडा विस्कटतो.

फिलिप्सने वाट वेगळी धरली. त्यांच्याकडे १६ नव्हे, १४ बिटांचे परिवर्तक तयार होते. सीडीचे प्रमाण मात्र १६ वर ठरले. तेव्हा त्यांनी आकड्यांची गती चौपट केली, गोळाबेरजेतून उरणारी चूक ऐकू न येणाऱ्या पट्टीत ढकलली आणि १४ बिटांच्या परिवर्तकाकडून जवळजवळ १६ बिटांचे काम काढून घेतले. ॲनालॉग फिल्टरही त्यामुळे सौम्य ठेवता आला. कागदावर दोन बिटांनी उणा असलेला फिलिप्सचा सीडी१०० अनेक कानांना सरस वाटला तो यामुळे. आज बाजारात असलेला जवळजवळ प्रत्येक परिवर्तक त्याच वाटेने चालतो. जुने यंत्र नव्यापुढे टिकते का, याचे एक उत्तर इथेच मिळते. त्या यंत्रातला विचार तर नव्या प्रत्येक यंत्रात जिवंत आहे.

पुढे फिलिप्सनेच १६ बिटांची टीडीए१५४१ए ही चिप काढली. कारखान्यात तपासताना जे नग सर्वांत अचूक निघत त्यांच्यावर मुकुटाची खूण छापली जाई. त्या चिपा बनणे बंद होऊन जमाना झाला, म्हणून मुकुट छापलेल्या बनावट चिपाही आता विकल्या जातात. ही अचूकता कशासाठी हवी, ते हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याला चटकन कळेल. गायक अजून आलेला नाही, नुसता तानपुरा चालू आहे. खर्ज छेडला जातो आणि त्याची आस विरत विरत जवळजवळ शून्यापाशी येते. तिथे परिवर्तकाच्या हाताशी मोजकेच बिट उरलेले असतात. त्यांच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतील, तर तारेची आस गुळगुळीत न विरता जरा खरखरीत होऊन संपते. आरंभीच्या कित्येक प्लेअरमध्ये हे होत असे. ऐंशीचे दशक सरता सरता एक-बिटी पद्धत आली, उत्तम बहुबिटी चिपा आल्या आणि हा दोष उंची यंत्रांतून बहुतांशी नाहीसा झाला. १६ बिटांची सैद्धांतिक मर्यादा सुमारे ९८ डेसिबल आहे. आज ॲपलचे नऊ डॉलरचे, फोनला लावायचे बोटभर अडॅप्टर मोजपट्टीवर ९९ डेसिबलच्या आसपास उतरते.

म्हणजे आज नऊ डॉलरांतही सीडी पुरतेपणी प्रकट होते. आणि १९९० नंतरच्या चांगल्या प्लेअरलाही तेच जमत होते, थोड्याफार फरकाने. त्याच्यापुढे नवे यंत्र फार पुढे जाऊ शकत नाही, कारण पुढे जायला जागाच उरलेली नाही. दिवा कितीही प्रखर केला तरी घड्यावर नसलेली नक्षी दिसणार नाही. स्कॉटलंडच्या लिन कंपनीने १९९७ मध्ये सॉन्डेक सीडी१२ हा १२ हजार पौंडांचा प्लेअर आणला. ॲल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून त्याची पेटी कोरलेली होती. तो आज कालबाह्य झाला का? सीडी वाजवण्याच्या कामात नाही. पण त्याच कामात तो आजच्या साध्या यंत्राच्या फार वर आहे असेही दाखवता येत नाही. पहिले वाक्य जुन्याच्या चाहत्यांना गोड वाटते, दुसरे कडू. प्रामाणिक माणसाला दोन्ही एकत्र घ्यावी लागतात.

यावर येणारा आक्षेप ठरलेला आहे: ‘पण फरक ऐकू येतो!’ तो हसण्यावारी नेणे अन्यायाचे आहे. कान हे प्रमाण आहे. आपल्याकडे प्रत्यक्षाला पहिले प्रमाण मानतात ते उगीच नव्हे. कुमारिल भट्ट तर याहून पुढे जातात. ज्ञान झाले की ते स्वतःच प्रमाण, त्याला बाहेरून शिक्का लागत नाही. मात्र दोन प्रसंगी ते खाली उतरते. एक, त्याला खोडणारे दुसरे ज्ञान पुढे आले तर. दोन, ज्या साधनाने ज्ञान झाले त्यातच दोष आहे असे कळले तर. श्रवणचाचण्यांचे सारे शास्त्र या दोन वाक्यांत मावते. समजा जुना प्लेअर दोन व्होल्ट देतो आणि नवा अडीच. हा फरक जवळजवळ दोन डेसिबलचा. कानाला तो ‘मोठा आवाज’ म्हणून जाणवतोच असे नाही. पुष्कळदा तो ‘अधिक मोकळा, अधिक जिवंत आवाज’ म्हणून जाणवतो. हा साधनदोष झाला. जैमिनींच्या भाषेत, नाद वाढला आणि शब्द वाढल्याचा भास झाला. समोर झळकणारे कंपनीचे नाव, माहीत असलेली किंमत, हेही साधनदोषच. आवाजाची पातळी जुळवून, डोळ्यांआड ऐकले की ते दूर होतात.

तसे ऐकल्यावर काय उरते, याचे एक मोठे उदाहरण अमेरिकेतले आहे. ई. ब्रॅड मायर आणि डेव्हिड मोरान यांनी उच्च प्रतीच्या तबकड्यांचा आवाज एकदा थेट आणि एकदा सीडीच्या १६ बिटांच्या चाळणीतून गाळून लोकांना ऐकवला. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवूनही एवढीच आली असती. हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ रीस यांनी १८ प्रयोगांची एकत्र छाननी केली. साडेबारा हजारांहून अधिक प्रयत्नांत बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले. म्हणजे काहीतरी आहे, पण अगदी पुसट. फरक मुळीच नसतो अशी घोषणा करणाऱ्यांनी दुसरा आकडा लक्षात ठेवावा आणि पडदा बाजूला सारल्यासारखा फरक पडतो म्हणणाऱ्यांनी पहिला.

आता अशी एक तबकडी, जिच्यापुढे मीमांसकाला हार मानावी लागते.

लेझरडिस्क दिसायला सीडीची थोरली बहीण, तीस सेंटिमीटरची. पण तिच्यावरचे चित्र आकड्यांत नाही. खळग्यांची लांबी आणि त्यांच्यातले अंतर हाच चित्राचा संकेत, सलग बदलणारा, ॲनालॉग. इथे तपासणी-चिन्हे नाहीत, हरवलेले परत मिळवणारे गणित नाही. लेझरचा ठिपका जितका बारीक, मोटार जितकी स्थिर, रंग आणि उजेड वेगळे करणारे मंडल जितके कुशल, तितके चित्र वेगळे. दोन यंत्रे एकाच लेझरडिस्कमधून खरोखर दोन चित्रे उत्पन्न करतात. नैयायिकाला हवे होते ते हेच. पायोनियरने १९९५ मध्ये जपानमध्ये काढलेला एचएलडी-एक्स० हा अवजड प्लेअर नेहमीपेक्षा कमी तरंगलांबीचा लाल लेझर वापरतो, म्हणून जवळच्या वळशाची सरमिसळ कमी होते. एक्स० आणि पुढच्या वर्षीचा एक्स९ यांच्या वर कोणी गेले नाही आणि जाणारही नाही, कारण जानेवारी २००९ मध्ये पायोनियरने शेवटचे सुमारे तीन हजार प्लेअर काढून हे काम थांबवत असल्याचे जाहीर केले. ‘स्टार वॉर्स’च्या पहिल्या तीन चित्रपटांची फेरफार न केलेली आवृत्ती २००६ मध्ये डीव्हीडीवर जादा भाग म्हणून आली, तीही १९९३ च्या लेझरडिस्कसाठी केलेल्या प्रतीवरूनच. अशा तबकड्यांसाठी जुना उंची प्लेअर नव्याशी तुलना करण्याजोगा नाही. तोच पहिला आणि तोच शेवटचा.

सीडी आणि लेझरडिस्क यांच्यात जो फरक आहे तोच जुन्या यंत्राच्या दुरुस्तीतही दिसतो. जुने यंत्र जाते कशाने? आवाज बिघडून ते क्वचितच जाते. आपल्याकडचे कारागीर म्हणतात तशी त्याची ‘लेन्स जाते’. तबकडी उचलत नाही, पडद्यावर ‘नो डिस्क’ येते. कधी लेझर थकलेला असतो, कधी खण उघडणारा रबरी पट्टा सैल पडून चिकट झालेला असतो, कधी सरकपट्टीवरचे ग्रीस वाळून गोंदासारखे झालेले असते, कधी कॅपॅसिटर फुगलेले असतात. पट्टा, ग्रीस आणि कॅपॅसिटर हे कोणत्याही बऱ्या कारागिराच्या हातचे काम आहे. लेन्सचे तसे नाही. ती त्याच मापाची मिळाली तर यंत्र वाचले, नाही तर पंचवीस किलोंचे शोभेचे ॲल्युमिनियम. सोनीने १९९९ मध्ये सुपर ऑडिओ सीडीसाठी काढलेला एससीडी-१ हा पहिला प्लेअर घडणीत आजही थक्क करतो. त्याचे जाड झाकण मागे सरकते, तबकडीवर वरून एक वजनदार चकती ठेवायची आणि मगच ती फिरू लागते. पण त्याचेही आयुष्य शेवटी लेन्सलाच टांगलेले आहे.

भाग बदललेले यंत्र तेच राहते का, याचे उत्तर प्लेअरला काय मानले त्यावर आहे. तो प्रकट करणारा असेल तर नवी लेन्स, नवे कॅपॅसिटर यांनी काही बिघडत नाही. वात आणि तेल बदलले म्हणून दिव्याचे काम बदलत नाही. तो उत्पन्न करणारा असेल, म्हणजे वाद्याच्या जातीचा असेल, तर प्रत्येक बदललेला भाग म्हणजे बदललेला स्वर, आणि ‘मूळ भागांसह’ या शब्दांना किंमत मोजणे रास्त ठरते. सीडी प्लेअर विकत घेताना मूळ कॅपॅसिटरचा आग्रह धरणारे त्याला नकळत तानपुरा मानत असतात. मिरजेच्या तंतकाराने तानपुऱ्याला लावलेली जवारी आणि कारखान्यात डाक दिलेला कॅपॅसिटर या एका पंक्तीच्या गोष्टी नव्हेत. जवारी स्वराला रूप देण्यासाठीच असते. प्लेअरच्या कॅपॅसिटरने आपले अस्तित्व कळू न देणे हेच त्याचे काम.

प्लेअरने वाद्य होऊ नये, हा या लेखाचा पक्ष आहे आणि तो केवळ तांत्रिक नाही. किशोरीताई आमोणकरांनी एखादा स्वर लावला, ध्वनिमुद्रकाने मायक्रोफोन कुठे ठेवायचा ते ठरवले, हे झाले त्या दिवशीचे कर्म. ते तबकडीत आहे. ऐकणाऱ्याच्या घरातल्या पेटीने त्यात आपला गोडवा मिसळावा आणि ऐकणाऱ्याने तो गोडवा गायिकेचा म्हणून दाद द्यावी, यात गायिकेवर अन्याय होतो. ज्याला गोडवाच हवा आहे त्याने स्पीकर बदलावेत, खोलीतले पडदे आणि सतरंज्या बदलाव्यात. तिथले फरक डेसिबलच्या अंशात नव्हे, पाच-दहा डेसिबलमध्ये मोजले जातात. जुन्या उंची प्लेअरवरचे प्रेम त्याच्या घडणीवर, त्यामागच्या कारागिरीवर, त्याच्या दुरुस्त होण्याच्या क्षमतेवर जडलेले असेल तर ते प्रेम योग्य ठिकाणी आहे. आजचे पुष्कळ प्लेअर बिघडले की टाकून द्यावे लागतात, आणि ती नव्याची मोठी उणीव आहे.

चित्राच्या तबकड्यांत मामला अधिक रोखठोक आहे. २०१६ मध्ये अल्ट्रा एचडी ब्लू-रे आली, तेव्हा त्याआधीचा कितीही उंची ब्लू-रे प्लेअर त्या तबकडीपुढे आंधळा ठरला. तिथे टिकण्याचा प्रश्नच नाही. उलट ओप्पोने २०१७ मध्ये काढलेला यूडीपी-२०५ अजून मागणीत आहे, कारण एप्रिल २०१८ मध्ये कंपनीने या धंद्यातून अंग काढून घेत असल्याचे जाहीर केले. १,२९९ डॉलरच्या त्या यंत्राला वापरलेल्या स्थितीत मूळ किमतीहून जास्त पैसे मोजले गेले आहेत. सीडीपासून अल्ट्रा एचडीपर्यंत बहुतेक सगळ्या जातींच्या तबकड्या तो एकटा वाचतो.

आणि सीडीतही एक कोपरा असा आहे जिथे जुना प्लेअर नव्या साधनाला सपशेल मागे टाकतो. सीडीच्या पहिल्या काही वर्षांत काही तबकड्या ‘प्री-एम्फसिस’ने मुद्रित झाल्या. वरच्या पट्ट्या मुद्दाम चढवून लिहायच्या आणि वाजवताना तेवढ्याच उतरवायच्या, म्हणजे बारीक खरखर दबते. तशी खूण तबकडीवर लिहिलेली असते. जुना प्लेअर ती खूण वाचतो आणि मुकाट्याने पट्ट्या उतरवतो, कारण त्याच्या काळात हे प्रमाणाचाच भाग होते. आज तीच तबकडी संगणकात घालून तिची फाइल केली की पुष्कळ सॉफ्टवेअर त्या खुणेकडे बघतही नाही. आकडे बिटागणिक बरोबर येतात आणि तरी आवाज चिरका, कडक येतो. ऐकणारा म्हणतो, सुरुवातीच्या सीडी अशाच बोचऱ्या असत. त्या तशा नव्हत्या. ज्यांच्या कपाटात १९८०च्या दशकातल्या जपानी छापाच्या सीडी आहेत, त्यांनी जुना प्लेअर विकण्याआधी त्या तबकड्या एकदा त्याच्यावर लावून पाहाव्यात, आणि फाइल करायचीच असेल तर खूण वाचणारे सॉफ्टवेअर शोधून मगच करावी.